साडूला अडलेला शब्द

माझा साडू रिगोबेर्तो वाल्दिव्हिया याला इंग्रजी येतं, हे पेरूतल्या आमच्या आरेकिपा शहरात ज्याला माहीत नाही तो माणूस एकतर बहिरा असावा किंवा सकाळच्याच बसने गावात उतरलेला असावा. तरुणपणी रिगोबेर्तो एका तांब्याच्या खाणीच्या कचेरीत चार वर्षं होता आणि तिथले इंजिनिअर कॅनडाचे होते. तेवढ्या भांडवलावर हा गृहस्थ गेली पंचवीस वर्षं सासरच्या प्रत्येक समारंभात यजमानाच्या उजव्या हाताला बसतो आहे. मी मालमत्ता नोंदणीच्या सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं शिक्के मारतोय. शिक्के मारतो म्हणून मला कुणी कुठे बसवल्याचं आठवत नाही.

माझा स्वभाव मत्सरी नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकून तसा गैरसमज होण्याचा संभव आहे. रिगोबेर्तोकडे गाडी आहे, मिशा आहेत आणि त्याच्या घरी दोन्ही न्हाणीघरांत नळ फिरवला की गरम पाणी येतं. या सगळ्याचा मला आनंदच आहे. थंडीच्या दिवसांत, सकाळी सहा वाजता, चुलीवर पातेलं ठेवून उभा असताना तो आनंद जरा कमी होतो, इतकंच.

आमची एकुलती एक मुलगी आरासेली लिमाला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथेच तिने नील थ्वेट नावाचा एक इंग्रज इंजिनिअर पसंत केला. मुलगा चांगला आहे. आमची भाषाही बोलतो, फक्त क्रियापदांचे काळ चुकवतो. त्यामुळे तो जेवलाय की जेवणार आहे हे माझ्या बायकोला, सोइलाला, कधी कळत नाही आणि ती त्याला दोनदा वाढते. त्याचं आडनाव मात्र उच्चारायचं म्हणजे समोरच्याने छत्री उघडून बसावं.

आरासेली गेल्या नाताळात त्याच्या आईवडिलांना भेटायला इंग्लंडला जाऊन आली. म्हणजे आमचा नाताळ तिच्याशिवाय झाला. मी काही बोललो नाही. तिथून आल्यावर ती होणाऱ्या सासूला दर महिन्याला पत्र लिहू लागली, चांगली दोन-दोन पानी. आम्हाला रविवारी सहा मिनिटांचा फोन. त्यातली चार मिनिटं सोइला 'जेवलीस का'मध्ये घालवते, आणि उरलेल्या दोन मिनिटांत मी रिसीव्हर हातात घेऊन घसा खाकरतो तोवर फोन संपतो. त्यावरही मी काही बोललो नाही. माझा स्वभाव मी वर सांगितलाच आहे.

तर चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात त्या विहीणबाईंचं, मॉरीन थ्वेट यांचं, आमच्या नावाने पत्र आलं. ऑगस्टमध्ये दोघं नवराबायको रीतसर मागणी घालायला येणार होते. पत्र अर्थातच इंग्रजीत. अर्थातच वाचायला रिगोबेर्तो.

रविवारी सकाळी सगळे आमच्याकडे जमले. आदोबोचा, म्हणजे डुकराच्या मटणाचा, रस पावाने पुसून झाल्यावर रिगोबेर्तोने चष्मा चढवला, पत्र हातभर लांब धरलं आणि आर्चबिशपने प्रवचन करावं तसं एकेक वाक्य भाषांतरून सांगू लागला. तिकडे पाऊस आहे. त्यांच्या नवऱ्याचा, लिओनार्डचा, गुडघा दुखतो. सोइलाची बहीण नवऱ्याकडे अशी बघत होती की हे पत्र त्यानेच लिहिलंय. एवढ्यात दुसऱ्या पानाच्या मध्यावर रिगोबेर्तोचं बोट थबकलं. तो खोकला. पाणी प्यायला. मग बोट तिथून टुणकन उडी मारून पुढच्या ओळीवर गेलं आणि तो म्हणाला, "आणि सर्वांना नमस्कार कळवलाय."

पंचवीस वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो आला होता. साडूला एक शब्द अडला होता.

पेले आवरायच्या निमित्ताने मी वाकून पाहिलं. शब्द लांबलचक होता, मिसगिव्हिंग्ज. मी तो मनात घट्ट धरून ठेवला, तान्हं मूल धरावं तसा.

"मागणीच्या जेवणाला मुलीकडून चार शब्द बोलावे लागतील," सोइला म्हणाली. "रिगोबेर्तो, तूच बोल. इंग्रजीत बोललास तर त्यांनाही बरं वाटेल."

"माझी काही हरकत नाही," रिगोबेर्तो म्हणाला. त्याची कधीच हरकत नसते.

"मुलगी कुणाची?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले.

"अरे, तुझीच," सोइला म्हणाली. "पण तुला कुठे येतं?"

"येईल. ऑगस्टला अजून तीन महिने आहेत. मीच बोलणार, आणि इंग्रजीत बोलणार."

"बाल्दोमेरो," रिगोबेर्तोने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "इंग्रजी काय शिक्का आहे, उचलला आणि मारला?"

सगळे हसले. सोइलाही हसली. मी ते लक्षात ठेवलं.

आता प्रश्न शब्दाचा होता. आरासेलीला विचारता आलं असतं, पण मला तिला चकित करायचं होतं. शिवाय सहा मिनिटांत बसणारा प्रश्न नव्हता तो. म्हणून मी जिल्हा वाचनालयात गेलो. तिथे दोन खंडांचा भला थोरला इंग्रजी शब्दकोश आहे, असं ऐकून होतो.

टेबलामागे सेन्योरिता ओर्तेन्सिया नावाच्या बाई बसल्या होत्या. सभासदाचं कार्ड हवं, म्हणाल्या. कार्डासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा हवा. मी वीजबिल दिलं.

"हे तुमच्या नावावर नाही."

"सासऱ्यांच्या नावावर आहे."

"मग त्यांना पाठवा."

"त्यांना जाऊन सहा वर्षं झाली."

"मग मृत्यूचा दाखला, तुम्ही जावई असल्याचा दाखला, आणि तुम्ही त्या घरात राहता याबद्दल एका शेजाऱ्याची सहीनिशी साक्ष. दोन फोटो. मागचा रंग पांढरा."

मी फोटो नेले तेव्हा त्यांनी ते उजेडात धरून पाहिले. "हा पांढरा नाही. हा सायीचा रंग आहे."

दुसरा कुणी असता तर भडकला असता. पण मी सव्वीस वर्षं याच धंद्यात आहे. निळी शाई जरा जांभळी दिसली म्हणून मी म्हाताऱ्याकोताऱ्यांना परत पाठवलंय. पण सायीचा रंग! हे मला कधी सुचलं नव्हतं. बाईंच्या नकारात कसब होतं. मी मान लववून परत गेलो, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी साडूनंतर पहिल्यांदाच मला दुसऱ्या कुणाचा हेवा वाटला.

साक्षीसाठी शेजारच्या औषधवाल्या दोन्या दोरोतेआकडे गेलो, ही मात्र घोडचूक झाली. कार्ड कशाला हवं हे तिला सांगावं लागलं, आणि दोन्या दोरोतेआला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला समजलं की बाल्दोमेरो पन्नाशी उलटल्यावर इंग्रजी शिकताहेत.

"वाचनालय कशाला हवंय?" ती म्हणाली. "माझं सगळं इंग्रजी औषधांच्या खोक्यांवरचं आहे. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. वापरण्यापूर्वी हलवावे. हे पाठ करा. कुठल्याही लग्नात चालेल."

कोपऱ्यावरच्या पाववाल्याचं, एव्हारिस्तोचं, मत निराळं होतं. "इंग्रज लोक बोलतात ते तोंडात गरम बटाटा धरून. बटाटा तोंडात ठेवा, शब्द आपोआप तसा येतो."

मला हा उपाय शास्त्रीय वाटला. घरी येऊन मी उकडता बटाटा तोंडात घातला आणि जीभ पोळून घेतली. दोन दिवस मला आमचीही भाषा नीट बोलता येईना. पण त्या दोन दिवसांत 'थ्वेट' हे आडनाव मात्र मी असं उच्चारलं की खुद्द थ्वेटनेही तोंडात बोट घातलं असतं.

जूनच्या अखेरीस कार्ड मिळालं. सेन्योरिता ओर्तेन्सियांनी एक जाडजूड खंड माझ्यापुढे आदळला. ए ते एल.

"मला एम हवा आहे."

"दुसरा खंड बांधणीला गेलाय."

"कधी येईल?"

"मागच्या महापौरांच्या वेळी गेलाय," त्या म्हणाल्या. यापुढे विचारण्यासारखं काही नव्हतं.

पण आमच्या सेगार्रा घराण्यातला माणूस एका खंडाने हार मानत नाही. मी तिथे बसून डोकं चालवलं. शब्दाचे दोन तुकडे पडतात, मिस आणि गिव्हिंग्ज. गिव्हिंग जीमध्ये होतं. देणं, दान, भेट, उदारपणा. आणि 'मिस'साठी मला कोश कशाला हवा? आमच्या स्पॅनिशमध्ये 'मिस' म्हणजे 'माझे'. शेंबडं पोरही सांगेल. इंग्रजांनी आमच्याकडून बटाटा नेला, टोमॅटो नेला, चॉकलेट नेलं. इतकं नेणारे लोक जाताजाता एक 'माझे' उचलणार नाहीत? तर मिसगिव्हिंग्ज म्हणजे 'माझ्या भेटी', 'माझं देणं'. असा हा हृद्य शब्द. आणि विहीणबाईंचं ते वाक्य मी एकेक शब्द पहिल्या खंडातून काढून लावलं. जे एल-नंतरचे होते ते अंदाजाने भरले. अर्थ लागला तो असा, 'लिओनार्डपाशी ज्या काही माझ्या भेटी होत्या, त्या आरासेलीला भेटल्यावर काहीच उरल्या नाहीत.'

बायको नवऱ्याच्या भेटींना 'माझ्या' का म्हणते, हा प्रश्न मला क्षणभर पडला. पण नवराबायकोत माझं-तुझं कुठे असतं? मुद्दा एवढाच की त्या भल्या माणसाने माझ्या मुलीला होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं होतं. मला गहिवरून आलं. लगेच दुसरा विचार आला. नाताळात त्याने एवढं दिलं, आणि मी तिला काय दिलं होतं? हातमोजे. तेही पोस्टाने.

दोन दिवसांनी रिगोबेर्तो हजर. त्याच्या कानावर सगळं गेलंच होतं.

"साडूभाऊ, कुठे अडलं तर विचार हं. लाजू नकोस."

मी खुर्ची पुढे ओढली. "एकच विचारतो. मिसगिव्हिंग्ज म्हणजे काय?"

त्याने मिशीवरून हात फिरवला, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. "तो... तो खाणीतला शब्द आहे. पाण्याच्या पंपाला असतात. मागच्या बाजूला."

"किती असतात?"

"चार. मोठ्या पंपाला सहा."

मी त्याचे आभार मानले आणि त्याला दारापर्यंत पोचवायला गेलो. इतक्या प्रेमाने मी त्याला कधीच पोचवलं नव्हतं. दार लावल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन सोइलाला उगाचच मिठी मारली. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

भाषण मी स्वतः रचलं. त्यातलं मुख्य वाक्य होतं, 'या लग्नासाठी माझ्यापाशी पुष्कळ पुष्कळ मिसगिव्हिंग्ज आहेत, कृपया सगळ्या घ्या.' पण आता पुष्कळ म्हणायचं तर पुष्कळ असायला हव्यात. थ्वेटसारखा माणूस समोर बसलेला, तिथे हातमोजे चालणार नव्हते. मी अल्पाकाच्या लोकरीची चार पांघरुणं आणली. चांदीच्या पाण्याचा आरसा आणला. सोइलाच्या आईची बारा माणसांची जेवणाची भांडी काढली. यावर सोइला तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि आमच्या मिस्ती ज्वालामुखीची एक छोटी प्रतिकृती गावच्या पांढऱ्या दगडात कोरून मागवली. मी कारागिराला हाताने माप दाखवलं होतं, एवढी. तो बहुधा त्याच वेळी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत असावा. दगड तयार झाला तेव्हा तो मेजाएवढा होता आणि चार माणसांनी मिळून कसाबसा हलला.

हा पर्वत घरी आणायला गाडी हवी होती. गाडी कुणाकडे आहे हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. रिगोबेर्तोने एक शब्द न विचारता आणून दिला. फक्त उतरवताना म्हणाला, "बाल्दो, हे विमानात नेणार कसं ते?" त्याचं हे असं असतं. नेमकं बोलून जातो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात थ्वेट दांपत्य आलं, आणि उतरलं रिगोबेर्तोच्या घरी. सोइलानेच ठरवलं. "त्यांना थंडीत पातेल्यातलं पाणी द्यायचं का?" म्हणाली. म्हणजे व्याही माझे आणि आंघोळ त्याच्याकडे. तीन दिवस तो त्यांना गाडीतून गावभर फिरवत होता. मॉरीनबाई गोऱ्यापान, बोलक्या, हातात सतत पर्स. लिओनार्ड उंच, थोडा लंगडत चालणारा, आणि तीन दिवसांत त्याने जे उच्चारलं ते सगळं मिळून एका पोस्टकार्डावर मावलं असतं. मी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. सगळं देऊन टाकलेला माणूस असाच शांत दिसायचा, असं मला वाटलं. आरासेली त्याचा हात धरून त्याला पायऱ्या उतरवत होती. माझेही गुडघे दुखतात. कुणाला ते ठाऊक नाही, कारण मी पत्रात लिहून कळवत नाही.

रविवारी दुपारी आमच्या अंगणात मागणीचं जेवण झालं. भेटींचं मेज आणि शेजारी तो ज्वालामुखी मी भिंतीशी मांडून दोन्हींवर पांढरी चादर घातली होती. दोन्या दोरोतेआ आमंत्रण नसताना साखर मागायला आली आणि बसली. जेवणं झाली, आणि लिओनार्ड उठून दोन वाक्यं बोलला. नीलने अर्थ सांगितला. आमची मागणी आहे, तुमची मुलगी आमच्या मुलाला द्यावी. मग सगळे माझ्याकडे वळले.

मी पेला हातात घेऊन उठलो. रिगोबेर्तो उजव्या हाताला बसला होता, मिशीत हसत. मी त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि सुरुवात केली.

आधी त्यांच्या भेटींबद्दल आभार मानले. त्यासाठी 'मिस'च्या जागी मी 'सुस' घातलं होतं, कारण आमच्यात 'सुस' म्हणजे 'तुमचे'. "थँक यू फॉर युवर सुसगिव्हिंग्ज," मी म्हणालो. मॉरीनबाईंनी कपाळाला बारीक आठी घातली. मला वाटलं, भारावल्या.

मग मी छाती भरून घेतली. "आय हॅव मेनी, मेनी मिसगिव्हिंग्ज फॉर धिस मॅरेज. प्लीज, टेक ऑल!" आणि दुसऱ्या हाताने चादर ओढली.

मॉरीनबाईंनी चादरीखालचा तो पांढरा ज्वालामुखी पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पर्स छातीशी धरली. नीलच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. लिओनार्डने पेला हळूच खाली ठेवला. मी म्हटलं, जमलं! इतका परिणाम रिगोबेर्तोच्या एकाही भाषणाचा झालेला नव्हता.

हे रिगोबेर्तोच्याही ध्यानात आलं. पंपाचा भाग लग्नात कसा, हे त्याला कळलं नसणार. पण साडूने काहीतरी मोठं दिलंय आणि पाहुणे गारद झालेत, एवढं त्याला दिसत होतं. तो ताडकन उठला, पेला माझ्या पेल्याच्या वीतभर वर नेला आणि ओरडला, "मी टू! आय हॅव मोअर मिसगिव्हिंग्ज दॅन ही!"

दोन्या दोरोतेआने टाळ्या वाजवल्या.

मॉरीनबाई उभ्या राहिल्या. लिओनार्डने त्यांचं मनगट धरलं. आरासेली माझ्यापाशी आली.

"पपा, तुम्ही काय बोललात ते तुम्हाला कळतंय का?"

"का? मी म्हटलं, माझ्यापाशी पुष्कळ भेटी आहेत."

"भेटी नाही हो त्या! मिसगिव्हिंग्ज म्हणजे शंका. मनात पाल चुकचुकते ना, ते. धड नाही म्हणता येत नाही आणि मन हो म्हणत नाही. तुम्ही म्हणालात, या लग्नाबद्दल माझ्या मनात खूप खूप शंका आहेत, सगळ्या घेऊन जा. आणि रिगोकाका म्हणाले, माझ्या मनात याच्याहून जास्त आहेत."

रिगोबेर्तो खाली बसला आणि आपला चमचा फार बारकाईने पाहू लागला.

"म्हणजे पत्रात..." मी म्हणालो.

"पत्रात त्यांनी लिहिलं होतं की सुरुवातीला लिओनार्डच्या मनात शंका होत्या, पण मला भेटल्यावर एकही उरली नाही."

मी खुर्चीवर बसलो. त्या खुर्चीसकट जमिनीत जाता आलं असतं तर गेलो असतो. नील आईला समजावत होता, हात हलवून दोन्ही भाषांतली क्रियापदं चुकवत होता. मॉरीनबाई हळूहळू टेकल्या. शेवटी त्या हसल्याही. प्रकरण इथेच मिटलं असतं. पण सोइलाने माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं ती माझ्याकडे पाहते आहे.

"बाल्दो," ती म्हणाली, "शब्द चुकला ते कळलं. पण खरं सांग, आहेत का तुझ्या मनात शंका?"

"कसल्या शंका? काही नाही."

"बाल्दो."

आता काय सांगायचं? मी पेल्याच्या बुडाकडे बघत म्हणालो, "मुलगा चांगला आहे. त्याच्याबद्दल काही नाही. पण ती तिकडे जाणार. इंग्लंडला. तिथे हिच्या पत्रांची वाट पाहणारी माणसं आहेत. त्यांना ही दोन-दोन पानी पत्रं लिहिते. नाताळही त्यांच्याकडेच झाला. मला सहा मिनिटं मिळतात, त्यातली चार सोइला घेते. उद्या तीही मिळायची नाहीत. मला..." इथे योग्य शब्द होता, आणि तो आता मला दोन्ही भाषांत येत होता, पण मी तो म्हटला नाही. "मला त्यांचा हेवा वाटतो. झालं समाधान?"

आरासेलीने माझा हात धरला. नील मात्र वडिलांच्या कानाशी लागून सगळं सांगत होता. लिओनार्डने ते ऐकून घेतलं आणि मग तो बोलायला लागला. तीन दिवसांचं एकदम बोलला. नील भाषांतर करत होता.

"बाबा म्हणतात, त्यांना वाटलं होतं आम्ही पेरूलाच राहणार. त्यांना वाटलं, मुलगा गेला. इथे तुमचं अंगण आहे, एवढे नातेवाईक आहेत, रविवारी सगळे एकत्र जेवता. त्यांच्याकडे रविवारी फक्त आई आणि रेडिओ असतो. ते म्हणतात, इथे आल्यापासून तीन दिवस त्यांना तुमचा हेवा वाटतोय. म्हणून ते गप्प होते."

मी लिओनार्डकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग एकाच वेळी आम्हा दोघांच्या डोक्यात एकच हिशेब आला. आम्हाला वाटतं ते तिकडे जाणार, यांना वाटतं इकडे राहणार. मग ही दोघं जाणार कुठे?

"आरासेली," मी विचारलं, "लग्नानंतर तुम्ही राहणार कुठे?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

"आम्ही जेवणानंतर सांगणार होतो," आरासेली म्हणाली. "नीलला समुद्राच्या पाण्याच्या प्रकल्पावर नोकरी मिळालीय. आणि मला तिथल्याच प्रयोगशाळेत."

"तिथल्याच म्हणजे?"

"आंतोफागास्ताला."

"चिलीत?" मी किंचाळलो.

आता आमच्या गावच्या माणसाला मुलगी इंग्लंडला जाणार म्हटलं तर दुःख होतं. चंद्रावर जाणार म्हटलं तर काळजी वाटते. पण चिली! शंभर वर्षांपूर्वी युद्धात आमचा समुद्रकिनारा घेऊन बसलेले लोक. आमची पिस्को दारू आपली म्हणून बाटलीवर छापणारे लोक! सोइलाने कपाळाला हात लावला. दोन्या दोरोतेआ पुटपुटली, "अरेरे, पोरगी चांगली होती हो." रिगोबेर्तोही उठून उभा राहिला, आणि आमच्या पंचवीस वर्षांच्या नात्यात पहिल्यांदाच तो माझ्या बाजूने बोलला. "बाल्दो," तो म्हणाला, "यापेक्षा इंग्लंड परवडलं असतं."

लिओनार्डला चिलीशी आमचं काय वाकडं आहे ते काही ठाऊक नव्हतं. पण मुलगा घरी येणार नाही आणि इथेही राहणार नाही, एवढं त्याला समजलं. तो लंगडत माझ्याजवळ आला, शेजारची खुर्ची ओढून बसला, आणि आम्ही दोघं पाऊण तास त्या दगडी ज्वालामुखीकडे बघत बसलो. त्याने मला एक सिगारेट दिली. मी ओढत नाही. तरी ओढली.

ऑक्टोबरमध्ये लग्न झालं. नील अविवाहित असल्याचा दाखला इंग्लंडहून आला, त्याचं अधिकृत भाषांतर झालं, आणि नगरपालिकेच्या कारकुनाने शाईच्या रंगावरून तो परत पाठवला. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं, म्हणून काही बोललो नाही. पांघरुणं, आरसा आणि बारा माणसांची भांडी आंतोफागास्ताला गेली. ज्वालामुखी अजून अंगणात आहे. दोन्या दोरोतेआ त्यावर मिरच्या वाळत घालते.

पोरीला निघून अडीच महिने झाले होते तेव्हा तिचं पत्र आलं, दोन पानी. तोवर ती मलाही पत्रं लिहू लागली होती. त्यात एक ओळ अशी होती की थ्वेट मंडळी आंतोफागास्ताला येऊन गेली, चांगले एकवीस दिवस राहिली, लिओनार्डला समुद्र फार आवडला.

आमच्या आधी! मी पत्र मिटलं आणि कचेरीत रजेचा अर्ज टाकला. सव्वीस वर्षांत साठलेली रजा भरपूर होती. सोइला म्हणाली, "अरे, पोरीने बोलावलंय का आपल्याला?" मी म्हणालो, बोलावणं कशाला हवं, व्याह्यांना बोलावणं आलं होतं का? तीस तासांचा बसचा प्रवास केला. सीमेवर चिलीच्या अधिकाऱ्याने पेरू देशाबद्दल जे काही विचारलं त्याला मी सरळ उत्तरं दिली, दात-ओठ न खाता.

आरासेलीचं घर लहान होतं. आमचं अंथरूण बैठकीत घातलं होतं. न्हाणीघरात नळाला गरम पाणी होतं. आठव्या दिवशी सोइला घरी जाऊ म्हणाली. पंधराव्या दिवशी आरासेलीने, अगदी प्रेमाने, परतीच्या बसचं वेळापत्रक मेजावर ठेवलं. एकविसाव्या दिवशी सकाळी नील स्वतः आमच्या बॅगा दारात आणून ठेवत म्हणाला, "तुम्ही काल गेलात, नाही का?" त्याला म्हणायचं होतं, आज जाणार ना.

मी बॅगा उचलून परत आत नेल्या. आम्ही बावीस दिवस राहिलो.